ताईंचं शून्य

सत्य एकच असतं, आणि ते एकट्याने शोधलं काय किंवा आठ जणांनी मिळून शोधलं काय, तेच निघतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. थोरामोठ्यांनी संगणकाच्या आठ कोअरवर फोर्ट्रान चालवलं नव्हतं.

ताईंच्या भावाने चालवलं होतं, सकाळपासून एकतीस वेळा. अकरा वेळा प्रोग्रॅम मध्येच कोसळला. उरलेल्या वीस वेळा उत्तर आलं, पण त्यातली दोन उत्तरं तिसऱ्या अंकापासूनच वेगळी होती. कोसळण्याचं दुःख त्याने गिळलं असतं. पण पुलाच्या एका खांबावर किती भार येतो, याची दोन उत्तरं असू नयेत एवढी त्याची माफक अपेक्षा होती.

पन्नाशी जवळ आली तरी कार्यालयात तो 'ताईंचा भाऊ'च होता. पुलांचं गणित करणारा हा प्रोग्रॅम त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिला होता आणि निवृत्त होताना त्याच्या गळ्यात टाकला होता. मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या अगडबंब तक्त्याचे, आठ तुकडे करून आठ कोअरना, म्हणजे संगणकाच्या एकाच वेळी चालणाऱ्या आठ मेंदूंना, वाटायचे, हे मात्र त्याचं स्वतःचं कर्तृत्व. त्याबद्दल गेल्याच महिन्यात त्याला शाबासकी मिळाली होती. ती आता आठवायलाही नको वाटत होती.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला पूलवाले पाहुणे येणार होते. साहेबांनी कालच बजावलं होतं: पाहुण्यांसमोर प्रोग्रॅम पडला, तर ताईंचं सव्वीस वर्षांचं काम मोडीत, बाहेरून नवा प्रोग्रॅम, आणि ताईंचा भाऊ खालच्या मजल्यावर तक्रारींच्या फोनपाशी.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "चालतंय की आता."

"मध्ये एक छापायची ओळ घातलीय, साहेब. कोणता कोअर कुठे पोचला ते पडद्यावर उमटतं. ती घातली की पडत नाही, काढली की पडतो."

"मग काढता कशाला?"

"छापण्यात वेळ जातो, म्हणून आठ जण एकमेकांच्या पायात येत नाहीत, इतकंच. दुखणं आहे तिथेच आहे."

"अहो, दुखणं बरं करायला कोण सांगतंय? बाराला पाहुणे जाईपर्यंत उठवून बसवा."

साहेब गेले. त्याने ती ओळ ठेवून पुन्हा चालवलं. पडला नाही. फक्त तिसऱ्या खांबावरचा भार चार टनांनी वाढला. खांबाला याची काहीच कल्पना नव्हती.

त्याने बहिणीला फोन लावला.

"बोल पटकन, कपडे वाळत घालतेय."

"ताई, आठ कोअरवर तुझा प्रोग्रॅम पडतोय. माझं सगळं तपासून झालं. खांबांच्या बेरजेचा तुझा भाग तेवढा राहिलाय."

"तो का ठेवलास?"

"तुझा होता म्हणून."

चिमट्यांची खडखड थांबली. "लहानपणी माझी पत्रं बरी फोडायचास. उघड तो भाग. तक्त्याच्या ओळी मोजणारा आकडा सुरुवातीला कसा जाहीर केलाय?"

"जाहीर करतानाच शून्य दिलंयस."

"दिलं ना जागेवरच? मेले मग."

त्यालाही कळलं. जाहीर करतानाच किंमत दिली, की फोर्ट्रान तो आकडा कायमचा जपून ठेवतं आणि सगळ्यांत मिळून एकच देतं. आठही कोअर त्या एकाच आकड्यावर मोजत बसले होते. एक तिसऱ्या ओळीवर असताना दुसरा तो आकडा सातवर नेत होता, आणि कधीतरी तो तक्त्याबाहेर गेला की सगळं कोसळत होतं.

"तेव्हा मशीनला कोअरच एक होता," ताई म्हणाली. "तू आठ जण एका पाटीवर बसवशील हे मला काय ठाऊक? शून्य खालच्या ओळीवर घे, म्हणजे ज्याचा त्याला वेगळा आकडा मिळेल. आणि साहेबांना सांग, चूक माझी. मला कोण आता तक्रारींच्या फोनवर बसवतंय?"

शून्य खालच्या ओळीवर गेलं. छापायची ओळ उडवली. प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल होऊन तयार व्हायला नऊ मिनिटं लागली. त्यात त्याने घड्याळाकडे किती वेळा पाहिलं हे मोजायला आठ कोअर कमी पडले असते. दहा त्रेपन्नला पहिलं उत्तर आलं. मग दुसरं, तेच. एकोणिसावं येईपर्यंत लिफ्टचं दार वाजलं होतं आणि साहेबांचं पाहुण्यांसाठीचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. एकोणिसावंही तेच होतं.

पाहुण्या इंजिनिअरबाईंनी आपल्या पुलाची फाइल दिली. त्याने कळ दाबली आणि श्वास रोखला. सोडायच्या आत उत्तर आलं.

"इतक्या लवकर?" साहेब खूश होऊन म्हणाले. "आठ कोअर आहेत, बाई."

ताईंच्या भावाने पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. एकच कोअर चालला होता. पाचशे ओळींपेक्षा लहान तक्ता वाटायचाच नाही, कारण वाटण्यातच जास्त वेळ जातो, ही अट त्याने स्वतःच घातली होती. या तक्त्याला छत्तीस ओळी होत्या.

"कुठला पूल म्हणायचा हा?" त्याने विचारलं.

"बागेतल्या ओढ्यावरचा," बाई म्हणाल्या. "पायी जाणाऱ्यांसाठी. साडेसहा मीटर."