चार नंबरच्या गाडीचा डूख

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, चार नंबरची आणि भयंकर रागीट डॅशिंग कार आहे. आता तुम्हाला वाटेल, ही बिचारी पुढे रडणार आणि शेवटी हात जोडणार. पण मला हातच नाहीत! मला आहे तो पुढचा जाड रबरी बंपर. आणि रडायचं म्हणाल, तर मी एकाला चांगलं रडवलं आहे. तीच गोष्ट सांगते, नीट ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते जळगावचं ऊन. मला ट्रकमधून उतरवलं तेव्हा माझी सीट अशी तापली होती की जो पहिला माणूस बसला, तो बसल्या बसल्या उडाला. ते होते आमचे मालक, बन्सीलाल नाना. असोद्याच्या रस्त्याला त्यांची केळीची बाग होती. त्यातली अर्धी काढून नानांनी तिथे 'गंमतमळा' नावाचं पार्क काढलं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा आणि पत्र्याच्या छताखाली आम्ही डॅशिंग गाड्या. कुंपणापलीकडे अजूनही केळीच आहे. वारा सुटला की पानं फडफडतात आणि मला वाटतं, ती आम्हालाच टाळ्या वाजवतात.

तुम्ही माझ्यासारखीत बसला असाल, पण मान वर करून कधी पाहिलं नसेल. माझ्या पाठीवर एक उंच दांडी आहे. दांडीचं टोक छताच्या जाळीला टेकलं की मला वीज मिळते आणि मी सुसाट! टोक सुटलं की मी ठप्प. हे लक्षात ठेवा हं, पुढे कामाला येणार आहे.

आम्हाला सांभाळायची ती रत्नाअक्का. ती धुळ्याकडची. लग्न होऊन इकडे आली, पण बोली काही तिने सोडली नाही. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन यायची, माझं नाक पुसायची आणि म्हणायची, "उठनी का वं मनी राणी?" मग ती बटण दाबायची, घंटा वाजवायची आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

काय दिवस होते ते! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुट्टीत बोदवडहून, जामनेरहून पोरं यायची. वर्षातून एकदाच. माझं स्टिअरिंग हातात आलं की पहिला क्षणभर ती श्वास घ्यायलाच विसरायची. एकदा एक मुलगा उतरताना चक्क माझ्या पाया पडला. शपथ! मी इतकी फुगले होते की दिवसभर कुणाला ऐकेना.

पण सुट्टी संपली की पार्क ओस पडायचं. पावसाळ्यात तर घसरगुंड्यांवर बगळे बसायचे. नाना रोज त्या बगळ्यांकडे बघून सुस्कारे टाकायचे. मग त्यांना कुणीतरी शहाण्याने सांगितलं, वर्षाचा पास काढा. एकदाच भरा, वर्षभर या. नानांना ते इतकं आवडलं की त्यांनी लगेच समारंभ ठेवला, फेटा बांधला आणि माइक हातात घेतला. नानांच्या हाती माइक आला की नाना नाना राहत नाहीत.

"मंडळी, पास घराचा!" नाना गरजले. "आता घरात किती माणसं धरायची? आपल्या खान्देशात हे काय विचारायचं? जे जे एका कानबाईचे रोट खातात, ते सगळे एका पासावर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्ही दूरचे असाल तर सांगते. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, घराघरातून गहू येतो, त्याचे रोट होतात, आणि ते भाऊबंदांखेरीज कुणालाही देत नाहीत. नानांच्या कानबाईला घरं तीन, त्यातलं एक रुसलेलं. नानांनी साऱ्या जगाचा हिशेब त्यावरून केला.

दुसऱ्या दिवशी असोद्याहून ट्रॅक्टर आला. त्याला दोन ट्रॉल्या, दोन्ही माणसांनी गच्च. पुढे टोपी सावरत अभिमन आबा.

"आबा, हे काय वऱ्हाड हाये का?" नानांनी विचारलं.

"वऱ्हाड कशाचं? घर हाये. मोजून घ्या."

"एवढं घर?"

"अजून दोन जीपा मांगून येऊ रायल्या नाना. धाकल्याच्या पोरायले शाळा होती."

नाना माइकवर बोलले होते. आता गिळणार कसं?

खरं सांगते, सुरुवातीला मला फार मजा वाटली. भर पावसात आमचा पत्रा हसण्याने दणाणायला लागला. बगळे पळाले. नऊवारीतल्या आज्या एकमेकींना अशा धडका द्यायच्या की मागच्या वीस वर्षांची भांडणं मिटावीत. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, ज्याला उद्याही यायचं असतं, तो आज नीट बघत नाही. पाळण्यात बसून ही मंडळी मोबाइल बघायची. डब्यात भरीत-भाकरी घरूनच आणायची, त्यामुळे कँटीनची शेगडी थंड. आम्ही मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत धावतोय. माझा बंपर झिजला, सीट फाटली, नाकाजवळचा पत्रा तुटून बाहेर आला. नानांनी पासाचे सगळे पैसे रस्त्यावरच्या मोठ्या फलकात घातले होते. त्यावर पार्क लहान आणि नाना मोठे दिसायचे.

आणि मग आला नवीन.

नवीन हा अभिमन आबांचा पुतण्या, कॉलेजात जाणारा चांगला घोडा. त्याने माझ्या कपाळावर स्वतःच्या नावाचं स्टिकर चिकटवलं. गुटखा खाऊन माझ्या पायापाशी पिचकारी मारली. आणि घंटा वाजली की सगळे उतरायचे, पण हा उतरायचाच नाही. फेरीमागून फेरी बसूनच.

त्या दिवशी बोदवडहून डिंपल आली होती. तिचे बाबा तोताराम तिला वर्षभर सांगत होते, आखाजीला जाऊ, आखाजीला जाऊ. डिंपलला लाल गाडीच हवी होती. तिकीट मुठीत धरून ती कठड्याशी उभी राहिली. घंटा झाली, नवीन बसून. पुन्हा घंटा झाली, नवीन बसून. बाकीच्या गाड्यांत त्याचेच भाऊबंद. दुपार कलली. घामाने तिच्या मुठीतलं तिकीट मऊ पडलं.

रत्नाअक्का आली ती कमरेवर हात ठेवूनच. "ए भाऊ, घंटा वाजनी. ऊठ आते. तुना बापनी गाडी शे का?"

"बापाची नई अक्का," नवीन पाय पसरून म्हणाला, "वर्षाची हाये!"

सगळे हसले. डिंपल सोडून.

"चाल बेटा," तोताराम हळूच म्हणाले, "बोदवडची गाडी निंघून जाईन."

आणि मित्रांनो, त्या पोरीने जाताना नवीनकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ही गाडीच खराब हाये बाबा. हिलेच मी नको हाये."

मी! मी खराब! जिच्या पाया पडायची पोरं, ती मी! त्या क्षणी माझ्या दांडीच्या टोकाशी अशी ठिणगी उडाली की नवीनने मान खाली घातली. साप डूख धरतो म्हणतात. मी साप पाहिलेला नाही, पण डूख कसा धरायचा ते मला त्या दिवशी समजलं. मी ठरवलं, या नवीनला मी रडवणार, आणि डिंपलची फेरी तिला देणार. त्याआधी मी भंगारात जाणार नाही.

दुसऱ्याच दिवशी तो ऐटीत बसला. मी शहाण्यासारखी निघाले, अगदी मधोमध आले, तोंड खांबाकडे वळवलं आणि दांडी किंचित ढिली सोडली. ठप्प! नवीन स्टिअरिंग फिरवतोय, लाथा मारतोय, मी ढिम्म. आधी एका चुलतभावाने मागून हाणलं. मग दुसऱ्याने. मग काकू आल्या.

"थांबा ना, गाडी बंद पडली!" नवीन ओरडला.

"म्हनूनच त हानू रायले!" काकू म्हणाल्या. "दिवाळीले माह्या पोराची सायकल कोनं मोडली होती?"

सगळ्या भाऊबंदकीचा जुना हिशेब निघाला हो! जो तो लांबून वेग घेऊन येतोय आणि नवीनला दणका देतोय. "हान रे, नवीनले हान!" घंटा वाजली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गुटख्याची पुडी त्याच्याच शर्टावर सांडली होती. रत्नाअक्काने त्या दिवशी घंटा जरा उशिराच वाजवली, असा माझा संशय आहे.

मी जिंकले! पुढेही तो बसला की मी बंद. पण सुडाच्या नादात मी एक विसरले. बंद पडणाऱ्या गाडीला सूड म्हणत नाहीत, बिघाड म्हणतात. वायरमन झुलालने मला दोनदा ठोकून पाहिलं आणि सांगितलं, "हिचा जीव गेला." नानांनी मला फाटकाबाहेर काढून ठेवलं. मी जाताना नाकाच्या तुटक्या पत्र्याने त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत फाडला. चुकून नाही.

फाटकाबाहेर मी उन्हापावसात पडून राहिले. माझ्यावर एक कुत्रं झोपायचं. तिथूनच मी पाहिलं, आकाशपाळणा थांबला. मग पाण्याचा पंप जळाला. तिकीट काढून येणारे कधीच यायचे बंद झाले होते, कारण त्यांना जागाच मिळत नव्हती. श्रावणात कानबाईचं विसर्जन झालं त्या सोमवारी फाटकाला कुलूप लागलं आणि मला न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा राहिला.

तेवढ्यात समोरून ट्रॅक्टर! असोद्याची मंडळी विसर्जन करून नव्या लुगड्यांत, नव्या टोप्यांत तशीच पार्कात आलेली.

"पार्क बंद," नाना म्हणाले. "परत केळी लावतो. तुमच्या पासानं खाल्लं मले."

"आमच्या पासानं?" अभिमन आबा उसळले. "पावसायात अठी कुत्रं येत नव्हतं नाना. आम्ही आलो म्हनून पार्क पार्कासारखं दिसे!"

"दिसे! दिसून काय पंप चालते?"

आवाज चढले. भंगारवाल्याने माझ्या बंपरला दोर बांधला. मला एवढंच दिसत होतं की डिंपलची फेरी राहिली आणि मी चालले. तेव्हा ट्रॉलीतून एक काठी खाली आली आणि काठीमागून यशोदाबाई, आबांची आई. तिच्यापुढे आबासुद्धा टोपी काढून उभे राहतात.

"बन्सी, तू बोलला होता ना, रोट खानारे बठ्ठे एका पासावर?"

"बोललो, माय."

"अन् अभिमन, रोटाले गहू कोन देते?"

"घरटी देते."

"जे घर गहू देत नई, त्याले रोट भेटते?"

आबा हातातल्या टोपीची घडी घालायला लागले.

"मंग वर्षभर अठी नुसते गिळू रायले, तुमचा गहू कुठी हाये?"

नाना खुदकन हसले. काठी लगेच तिकडे वळली. "तू हासू नको. जेवाले बोलावलं अन् मंग ताटं मोजत बसला. बोलाच्या आधी घरं मोजाची होती!"

तिथेच फाटकात कामांचे वाटे पडले. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या आबांच्या घराला पंप. दुसऱ्या घराला घसरगुंड्या. तिसऱ्याला पाळण्याचा रंग. आणि आखाजीच्या दिवसांत तिकीटवाले आधी, पासवाले मागून. शेवटी उरला नवीन. मागे मागे सरकत होता.

रत्नाअक्काने माझ्याकडे बोट केलं. "याले ही द्या. यानी वर्षानी गाडी शे ना!"

अहाहा! मित्रांनो, तुम्ही तिथे असायला हवं होतं! टेम्पो रिकामा गेला. नवीन गुडघ्यांवर बसून स्वतःच्याच नावाचं स्टिकर नखांनी खरवडत होता. स्वतःच्याच पिचकाऱ्या घासत होता. तुटक्या पत्र्याने त्याचं बोट दोनदा कापलं. त्यातलं एकदा चुकून. आणि झुलालने दांडीचं टोक बदलताच मी अशी निघाले की तो म्हणाला, "हिचा जीव गेलाच नव्हता की काय?"

नव्हताच. राखून ठेवला होता.

पुढच्या आखाजीला डिंपल आली. वर्षभरात उंच झाली होती. मला पाहून थबकली. "हीच ती. ही मले घेत नई."

"बस त खरी," रत्नाअक्का म्हणाली.

ती बसली. तिने स्टिअरिंग धरलं आणि मीच श्वास घ्यायला विसरले. समोर पिवळ्या दोन नंबरात नवीन होता.

"हान वं पोरी!" रत्नाअक्का ओरडली.

"कोनाले?"

"त्या पिवळाले!"

बाकीचं माझ्यावर सोडा, मी मनात म्हटलं. वर ठिणगी उडाली आणि मी अशी धडक दिली की पिवळी गरकन फिरून खांबाला लागली.

"अवं, मीच घासली ना तुही गाडी!" नवीन कळवळला.

"मंग नीट घासाची होती," डिंपल म्हणाली, "सीट चिकट लागू रायली!" आणि पुन्हा धडक. आणि पुन्हा.

नाना अजून लोकांना विचारतात, पासाने पार्क तरलं की बुडलं? मला विचाराल तर त्याच माणसांनी ते बुडवलं आणि त्यांनीच वर काढलं. मधे फक्त गव्हाचा वाटा आला. तुमच्याकडेही असा एखादा पास असेल, बागेचा, वाचनालयाचा नाहीतर नुसत्या आईच्या मायेचा, तर वर्षभर खुशाल या. येताना मूठभर गहू आणा. आणि कठड्याशी कोण उभं आहे तेही बघत जा.

घंटा वाजली. डिंपलच्या त्या फेरीनंतर सगळ्यांत आधी कोण उठलं असेल? नवीन! उतरला आणि एका छोट्या मुलाला पिवळीत बसवून बाजूला झाला.

तरी मी त्याला माफ केलेलं नाही. रविवारी येईल फडकं घेऊन, तेव्हा बघू. आणि तुम्ही याल तेव्हा घंटेकडे कान असू द्या. दांडी ढिली सोडायला मला क्षणसुद्धा लागत नाही.