खांबावरचा नवरदेव

माझ्या धाकट्या बहिणीचं, नोएमीचं, लग्न लिसांद्रोशी ठरलं तेव्हा आईने देवाचे आभार मानले. मी मानले नाहीत. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचा.

लिसांद्रो वकील होता. दिसायला बरा, आवाज तर असा की बायका उगीचच मान वळवून बघत. आमच्या सान इसिद्रोच्या क्लबात तो ज्याच्या-त्याच्या मोठ्या बोटीवर शर्यतीला जायचा आणि आल्यावर बारमध्ये उभा राहून वाऱ्यावर व्याख्यान द्यायचा. त्या बोटींवर त्याचं काम काय, तर कुणी सांगितलं की दोरी ओढायची. पण ऐकणाऱ्याला वाटावं, सुकाणू याच्याच हातात होतं.

आमची बोट 'पुल्गा', म्हणजे पिसू. माझी आणि नोएमीची, दोघींची मिळून. आत दोन जणांना झोपायला जागा, एक चूल, आणि मधोमध एक लोखंडी फळी, पोटातून खाली पाण्यात सोडायची, नको तेव्हा दोरीने वर ओढून घ्यायची. आमची नदी समुद्राएवढी रुंद, पण कित्येक ठिकाणी पाणी कमरेएवढंच, आणि खाली सगळा चिखल. तिथे पोटाखाली शिशाचा जड कणा घेऊन फिरणाऱ्या बोटी खोल वाटेतूनच जातात. पिसू कुठेही शिरते.

लिसांद्रो तिला 'न्हाणीतलं टमरेल' म्हणायचा. म्हणायचा आणि हसायचा, आणि नोएमीही त्याच्याबरोबर हसायची. मला त्याच्यापेक्षा तिच्या त्या हसण्याचा जास्त राग यायचा.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. रविवारी आम्ही तिघं नदीच्या वरच्या अंगाला, बेटांच्या तोंडाशी जाऊन मांस भाजायचं ठरवलं. लिसांद्रो धक्क्यावर आला तो पांढरी पँट घालून. आल्या-आल्या त्याने मागची छोटी मोटर काढून धक्क्यावर ठेवली.

"ही कशाला? खऱ्या माणसाला मोटर लागत नाही," तो म्हणाला.

"खोट्याला लागते. राहू दे तिला," मी म्हणाले.

"ओतिलिया, तुझी जीभ शिडाला बांधली तर आपण तासाभरात पोचू."

नोएमीने मला डोळ्यांनी गप्प केलं. मोटर धक्क्यावरच राहिली.

वारा वायव्येचा, म्हणजे बरोबर जायचं तिकडूनच येणारा. अशा वेळी सरळ जाता येत नाही. आधी वारा एका गालावर घेऊन तिरकं जायचं, मग नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या गालावर. बोटीने कूस बदलायची, एवढंच. जड बोट आपल्या वजनानेच वळण पुरं करते. पिसू हलकी. नाक वाऱ्यात गेलं की तिचा वेग लगेच मरतो. म्हणून वळायच्या आधी तिला थोडी सैल सोडून पळवायची, फळी खाली ठेवायची, सुकाणूचा दांडा हळू ढकलायचा, आणि पुढचं शीड क्षणभर तसंच धरून ठेवायचं, म्हणजे वारा त्यात भरून नाक पलीकडे ढकलतो. यात काही विद्या नाही. आम्ही दोघी गप्पा मारता-मारता करतो.

सुकाणूवर अर्थात लिसांद्रो. त्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर फळी अर्धी वर ओढली.

"अरे, खाली सोड ती. घसरते आहे बोट," नोएमी म्हणाली.

"फळी म्हणजे ब्रेक असतो, राणी. पाणी अडवते. मोठ्या बोटींवर हे शिकायला मिळतं."

मोठ्या बोटींना फळीच नसते, हे मी बोलले नाही. एकदा बोलून गप्प केलं गेलं होतं, पुन्हा कोण बोलणार!

त्याने वळायला दांडा असा झटक्याने ढकलला, जणू दार लाथेने उघडत होता. पिसूने नाक वाऱ्यात घातलं आणि ती जागच्या जागी थिजली. दोन्ही शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी फडफडली. मग ती मागे-मागे जायला लागली.

"वारा पडला," लिसांद्रो म्हणाला. वाऱ्याने माझी टोपी उडवली होती.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने बोटीला शिवी दिली, मग शिडं शिवणाऱ्याला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू दोरी लवकर सोडतेस."

"मी धरलीच नाही. तूच म्हणालास, हात लावू नकोस."

फळी वर असल्यामुळे बोट पुढे कमी आणि आडवी जास्त जात होती. डावीकडे प्लाया ओंदाचा उथळ पट्टा. नोएमी दोनदा म्हणाली, "लिसांद्रो, दे माझ्याकडे." तो ऐकेना. शेवटी त्याने वळायचा प्रयत्न केला तो अगदी पट्ट्याच्या काठाशी. नाक वाऱ्यात, शिडं फडफड, बोट मागे, आणि सुकाणू चिखलात. पिसू पोटावर सपाट बसली.

वायव्येचा वारा आमच्या नदीतलं पाणी बाहेर ढकलतो. बघता-बघता भोवतीचं पाणी ओसरलं आणि उघड्या चिखलावर आम्ही तिघं, तव्यावर उरलेल्या घावनासारखे बसून राहिलो. दूर खोल वाटेच्या कडेला लोखंडी खांब होता, वाट दाखवणारा, शिडीवाला. बाकी काही नाही.

मी माते, आमचा नळीने ओढायचा कडू चहा, केला, नोएमीला दिला, त्याला दिला. त्याने हाताने बाजूला सारला.

"या टमरेलात दुसरं काय होणार! लग्न झालं की आधी ही विकायची," तो म्हणाला.

"अर्धी माझी आहे," मी म्हणाले.

"तुझी अर्धी तुला ठेव. नोएमी, अगं खरंच सांगतो. बोट काय, बाई काय, हात लावला की वळली पाहिजे."

नोएमीने मातेची नळी तोंडातून काढली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, दुकानात कापड उलटून बघतात तशी.

"लिसांद्रो, मी नाही वळायची," ती म्हणाली. "आपलं लग्न राहू दे."

"बोट रुतली म्हणून लग्न मोडतेस?"

"बोट रुतली म्हणून नाही. दोनदा मागितला तुझ्याकडे दांडा. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस."

आता घरात असं काही झालं असतं तर माणूस दार आपटून गेला असता. इथे दार नव्हतं. लिसांद्रोने पाच मिनिटं आकाश पाहिलं, मग बूट काढले, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला.

"कुठे निघालास?"

"त्या खांबापाशी. खोल वाटेने लाँच जातात. तुम्हाला कुणीतरी सोडवायला पाहिजे ना!"

तो निघाला. दर पावलाला चिखल त्याला गुडघ्यापर्यंत गिळत होता आणि तो पाय उपटून पुढे जात होता. पाठ मात्र ताठ, कोर्टात निघाल्यासारखी. मी हसले. नोएमी हसली नाही.

तो शिडीवर चढला आणि वारा पडला. या वेळी खरोखर पडला. मग नैर्ऋत्येकडून नाही, उत्तरेकडून नाही, तर बरोबर आग्नेयेकडून गार झुळूक आली आणि तिच्यामागे तपकिरी पाण्याची जीभ सरकत आली. आग्नेयेचा वारा सगळी नदी परत आत ढकलतो. थोड्याच वेळात पिसू हलली. खांबाच्या बुडाशी लाटा आपटायला लागल्या. लिसांद्रो एक पायरी वर गेला. मग आणखी एक.

"लाँच येईल कुठलीतरी," मी म्हणाले. "आपण घरी जाऊ."

"ओतिलिया, मूर्खासारखं बोलू नकोस. पुढच्या शिडाची दोरी घे."

खांब आता बरोबर वाऱ्याच्या दिशेला. म्हणजे पुन्हा तिरकं, पुन्हा वळणं, तेही उथळ पाण्यात. नोएमीने फळी हळूहळू सोडली, चिखलाला टेकून ती खटखटली तशी वीतभर वर घेतली. पिसू तिरकी झाली आणि निघाली. "आता," नोएमी म्हणाली. तिने दांडा असा ढकलला, जणू झोपलेल्या पोराचं डोकं उशीवर सरकवत होती. मी शीड धरून ठेवलं, वारा त्यात भरला, नाक पलीकडे गेलं, मी सोडलं. दुसऱ्या वळणाला फळी चिखलात रुतली आणि बोट अडली. नोएमीने एका हाताने दोरी ओढली, फळी सुटली, आणि पिसू जेमतेम फिरली. त्यापुढे पाणी खोल होतं.

खांबापाशी पोचल्यावर तिने नाक सरळ वाऱ्यात घातलं आणि बोट उभी केली. लिसांद्रोने सकाळभर चुकून जे केलं होतं, ते तिने मुद्दाम केलं. तो शिडीवरून घसरत आत आला. ओला, थरथरत, कंबरेपर्यंत चिखल.

जरा दम घेतल्यावर म्हणाला, "फळी जरा वर घेतलीस तर..."

"लिसांद्रो," नोएमी म्हणाली, "खाली वाकून बस. शिडाचा दांडा डोक्यात बसेल."

तो वाकून बसला. क्लब येईपर्यंत वाकूनच होता.

धक्क्यावर उतरल्यावर लोक जमले, आणि त्याचा आवाज परत आला. बायकांना एकटं सोडून आपण मदत आणायला कसे गेलो, पाणी कसं चढलं, टमरेल कसं वळत नाही. कुणीतरी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. मी तोंड उघडलं, तर नोएमी म्हणाली, "सांगू दे. त्याच्याकडे दुसरं काय आहे?"

आम्ही दोघी बोटीतला चिखल धूत बसलो. मी त्याच्या पाठीची, पँटची, पायऱ्या चढण्याची नक्कल केली. ती घासत राहिली. मग म्हणाली, "आवाज छान होता गं त्याचा," आणि बादलीवर वाकून रडली. मी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि उरलेलं मी धुतलं.

आईला रात्री जेवताना कळलं. तिने काटा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"वकील होता," ती म्हणाली.

"हो ना," नोएमी म्हणाली, आणि तिने ताट आणखी वाढायला पुढे केलं.