ऋत्विक, पायांसकट

"पप्पा, हिंमतराव आजोबांच्या ऋत्विकच्या एकाही फोटोत त्याचे पाय काऊन नसतात?"

प्रश्न समताच्या तोंडचा, पण पैज तिच्या वर्गातल्या महनूरची. शाळेतून येताना रोहिणखेडच्या चौकात महनूरनं तिला डिवचलं होतं, "भाषणात नंबर आला तवापासून लय बोलकी झाली न तू? मग विचार तुह्या पप्पाले! नाही विचारलं तर महिनाभर माही बॅग तू उचलायची." आणि समता कसली ऐकतेय! फोटोच्या दुकानाची पायरी चढता चढताच तिनं विचारून टाकलं. आतल्या खुर्चीवर खुद्द हिंमतराव बसले आहेत, हे तिला दिसलं ते नंतर.

प्रसेनजितचा, म्हणजे तिच्या पप्पांचा, माऊसवरचा हात जागीच थांबला. हिंमतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, पुन्हा घातली. भाजीचा मोठा मळा असलेला आणि गावात शब्दाला वजन असलेला माणूस तो.

"पोट्टी मोठी झाली तुही, प्रसेनजित," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "जोर नाही बाई त्याच्या पायात. जन्मापासून. तुले माहीत नाही का?"

"माहीत आहे, आजोबा."

"मग कायले विचारतं?"

भाषणात सुसाट सुटणारी तिची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

हिंमतराव आले होते वेगळ्याच कामाला. रविवारी ऋत्विकला पाच वर्षं पूर्ण होणार होती. गावात कोणाच्याही लेकराचा वाढदिवस असो, चौकात बॅनर लागतोच. डोळ्यांवर गॉगल, अंगात शेरवानी, खाली शुभेच्छुकांची रांग. "या खेपेले माह्या नातवाचाबी लागला पाहिजे," हिंमतराव म्हणाले, "अन् उभा पाहिजे. तुह्या कॉम्प्युटरात होते न तसं?"

"होते न भाऊ. ऐटीत उभा करतो. फक्त चेहरा लागन."

होणारच. प्रसेनजितकडे एक तयार फाइल होती. मोतिया रंगाची शेरवानी, एक हात खिशात, पायांत मोजडी, आणि चेहऱ्याच्या जागी मोकळी पोकळी. तिथं फक्त तोंड आणून बसवायचं. गावातली निम्मी पोरं बॅनरवर त्याच दोन पायांवर उभी राहिलेली होती. अन् कोणाला काही वाटलंही नव्हतं.

"समता, उद्या जाऊन चेहरा घेऊन ये त्याचा," पप्पा म्हणाले. "फक्त चेहरा."

लहान लेकरांचे फोटो काढावेत तर समतानं. "इकडं पाह्य, हस" असलं काही ती म्हणायचीच नाही. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसून राहायची. लेकरं तिला विसरली की तिचं काम सुरू व्हायचं. नाकाचा शेंबूड, पिठात बुडालेला हात, भांडता भांडता लागलेली डुलकी. आयांना आधी लाज वाटायची, मग त्याच तो फोटो मागून घ्यायच्या.

हिंमतरावांच्या घरी मात्र कौशल्याबाई आजींनी नातवाला आधीच सजवून ठेवलं होतं. पावडर, गालाला तीट, नवा सदरा, आणि कमरेपासून खाली घट्ट गुंडाळलेली गोधडी. मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "हस रे माह्या राजा." डॉक्टरला दाखवावेत तसे ऋत्विकनं सगळे दात दाखवले. समतानं चेहरा टिपला. झालं काम.

तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, आणि त्याला कॉटवर ठेवून आजी आत धावल्या. आजीची पाठ वळायचा अवकाश, ऋत्विकनं गोधडी भिरकावली, सरकत खाली आला. अंगणातून कोंबडीचं एक पिल्लू आत शिरलं होतं. ऋत्विकनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले आणि निघाला! पाय मागून फरफटत येताहेत, खांदे डुलताहेत, तोंडानं "थांब बे, थांब!" चाललंय. पिल्लू कॉटखाली, तो कॉटखाली. समता कधी पालथी पडली आणि कधी तिनं मोबाइल जमिनीला लावला, तिचं तिलाही कळलं नाही. पिल्लू निसटलं, आणि ऋत्विक गाल फरशीला लावून पोट धरधरून हसला.

मग त्याला ती दिसली. "समताताई, दाखव."

त्यानं मोबाइल दोन्ही हातांत धरला. खूप वेळ पाहिलं. बोटानं चित्र मोठं केलं.

"हे कोनाचे पाय?"

"तुहे."

त्यानं मान वळवून स्वतःचे पाय तपासले. डाव्या पायातला मोजा घसरून टाचेशी आला होता. फोटोतही आला होता. "माहा मोजा पडला," तो खूश होऊन म्हणाला. मग एकदम गंभीर झाला. "मी असा पयतो?"

"हाव. अस्साच पळतोस."

"लय जोरात पयतो मी!"

दारात त्याची आई उभी होती, प्रतीक्षा वहिनी. हाताला कणीक तशीच. ती कधीपासून तिथं होती कोण जाणे.

"न विचारता काढला, वहिनी," समता उठून बसली. "पुसून टाकू का?"

"नोको." वहिनीनं हात पदराला पुसले, मोबाइल घेतला. "त्यानं स्वतःले चालताना कधी पाह्यलंच नाही वं." चालताना, असंच म्हणाली ती. मग सासऱ्यांचा विषय काढला. "मामाजी काही वाईट नाहीत. लोकायनं हसू नये म्हनून झाकतात. पन पोरगं आता विचारते. आई, फोटोत माहे पाय कुठी जातात? काय सांगू मी त्याले?"

"तुम्ही बोला न आजोबांशी."

"माह्या तोंडातून नाही निघत त्याहीच्यापुढं." वहिनी किंचित हसली. "तू म्हने भर दुकानात विचारलं. बरं वाटलं मले. कोनीतरी विचारलं."

समताचे कान तापले. पैजेचं सांगावं असं फार वाटलं, पण सांगवलं नाही.

संध्याकाळी दुकानात पप्पांनी चेहरा बसवला. हात सफाईदार होता त्यांचा. मानेजवळची सावली जुळवली, हनुवटी जरा वर केली. "पाह्य, कसा जमला!"

खरंच जमला होता. शेरवानीतला ऋत्विक खिशात हात घालून ताठ उभा होता, राजबिंडा. समता मात्र त्याच्या पायांतल्या मोजडीकडे पाहत राहिली. रविवारी सकाळी आजोबा त्याला खांद्यावर घेऊन चौकात जातील. वर बोट करतील, "हा पाह्य, तू!" आणि तो पोरगा आधी मोजा शोधेल. टाचेशी आलेला मोजा. तो सापडला नाही की आजोबांच्या तोंडाकडे पाहील. तेव्हा त्याला काय कळेल?

"जेवन झालं की मलकापूरले पाठवून देतो," पप्पा म्हणाले. "सकाळी छापून होते."

समता तडक हिंमतरावांच्या अंगणात गेली, वहिनीशी दोन शब्द बोलली, ऋत्विकशी दोन, आणि परत आली.

जेवताना तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"भाजी बिघडली का वं?" मम्मीनं विचारलं.

"नाही. मम्मी, पप्पा, एक सांगायचं आहे." तिनं ताट जरा मागं सरकवलं. "ती फाइल आज मलकापूरले जाणार नाही. त्यातला चेहरा मी काढेल आहे, अन् तो मी त्या शेरवानीले देत नाही. सकाळी मी हिंमतराव आजोबांकडे जाणार आहे. ऋत्विकचा पिल्लामागं पळतानाचा फोटो मोठा काढून नेते, त्यायच्या हातात देते, अन् विचारते, आजोबा, चौकात हा लावायचा का? वहिनी हो म्हणल्या. ऋत्विकलेबी विचारलं, तो म्हणे मोजा पडलेलाच ठेव. आजोबा नाही म्हणले तर त्यायचा नातू आहे. मग तो फोटो वहिनीच्या कपाटात राहीन, मी कोणालेच दाखवणार नाही. महनूरलेबी नाही."

पप्पांचा घास हातातच राहिला. "हिंमतरावले तू विचारशीन? काल विचारलं तं तोंडातून शब्द नोता निघत तुह्या."

"काल पैजेसाठी विचारलं होतं, पप्पा," समता म्हणाली. "उद्या मले उत्तर पाहिजे."