खवचटशी समोरासमोर

ड्रायव्हरताईंचं खवचटशी पाच वर्षं भांडण चाललं होतं, आणि या पाच वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

भांडण मोटरसायकलच्या शर्यतींवरून. शर्यत असली की चार गावांतली चार माणसं आपापल्या घरी टीव्हीसमोर बसायची आणि एक डोळा पडद्यावर, एक हातातल्या फोनवर ठेवून ग्रुपवर बडबडत राहायची. ग्रुपचं नाव ‘आतली लाईन’. वळणावर आतल्या बाजूनं घुसून पुढच्याला मागे टाकायचं, त्यावरून ठेवलेलं. ताई शाळेची बस चालवायच्या, म्हणून त्या ड्रायव्हरताई. घड्याळं दुरुस्त करणारी एक मुलगी होती, ती भिंग. एकेक दृश्य थांबवून, मोठं करून, कुणाचं चाक कुठे घसरलं ते ती सांगायची. तिसरे आजोबा. वय जेमतेम तिशीचं, पण इस्पितळात परिचारकाची नोकरी आणि सारख्या रात्रपाळ्या, त्यामुळे अर्ध्या शर्यतीत त्यांचा डोळा लागायचा आणि शेवटी “कोण जिंकलं?” असा मेसेज यायचा. म्हणून ते आजोबा.

आणि चौथा खवचट. हे नाव त्याचं त्यानंच घेतलेलं, आणि ते तो जिवापाड जपायचा.

ताईंचा जीव सत्तावीस नंबरच्या स्वारावर. सत्तावीस म्हणजे वयानं मोठा, जपून चालवणारा, टायर शेवटपर्यंत शिल्लक ठेवणारा. खवचट एकोणीस नंबरच्या बाजूचा. एकोणीस म्हणजे वादळ. एक तर पहिला येणार, नाही तर ट्रॅकबाहेरच्या खडीत लोळणार. “तुमचा सत्तावीस वळणावर हात दाखवून वळतो काय हो?” असं खवचट लिहायचा. “तुमच्या एकोणीसला ब्रेक कुठे असतो ते कुणीतरी दाखवा,” असं ताई लिहायच्या. गंमत म्हणजे दोघं एकमेकांची साल काढायचे तीही अहो-जाहो करून. आणि खवचट लिहायचा किती! ताईंनी एक ओळ टाकली की त्याचं पानभर उत्तर यायचं, मुद्देसूद, आणि शेवटी एक असा चिमटा की ताई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायच्या.

“एवढा राग येतो तर वाचतेस कशाला?” नवरा विचारायचा.

“राग कुठे येतोय?” असं म्हणून ताई परत फोन उचलायच्या.

त्या वर्षी हंगामातली शेवटची शर्यत चौघांनाही सोयीच्या गावात होती. भिंगनं तिकिटं काढली, ट्रॅकजवळ एका टायरच्या दुकानावरचं बिऱ्हाड तीन दिवसांसाठी भाड्यानं घेतलं, आणि ठरलं. नवऱ्यानं जरा कुरकुर केली. “अगं, अनोळखी माणसं ती.”

“अनोळखी कसली? खवचटला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते,” ताई म्हणाल्या. मग नवऱ्याचं तोंड बघून म्हणाल्या, “म्हणजे त्याचे दुर्गुण हो.”

त्या आपली जुनी गाडी घेऊन निघाल्या. रस्ताभर त्या एकच वाक्य घोळवत होत्या. खवचट समोर आला की काय बोलायचं? ठेवणीतलं काहीतरी हवं. शेवटी ठरलं, “या, या! ब्रेक लावता आला का दारात?” वाक्य त्यांना इतकं आवडलं की सिग्नलला थांबल्यावर त्या एकट्याच हसल्या.

बिऱ्हाड दोन खोल्यांचं आणि एका स्वयंपाकघराचं होतं. खालून नव्या रबराचा वास वर येत होता. भिंग आधीच पोचली होती. केस आखूड, बोटांच्या टोकांना तेल लागलेलं. आजोबा आले ते थेट सोफ्यावर आडवे झाले. संध्याकाळच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. दारात एक उंच, किडकिडीत माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला हत्यारांची असावी तशी जाड पिशवी. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

“या, या!” ताई म्हणाल्या. “ब्रेक लावता आला का दारात?”

भिंग खळखळून हसली. आजोबा सोफ्यावरूनच हसले. खवचटनं ताईंकडे बघितलं, हसल्यासारखं केलं, मान हलवली आणि पिशवी ठेवायला आत निघून गेला.

एवढंच.

ताईंना वाटलं, दमला असेल. पण जेवतानाही तेच. भिंगनं काही विचारलं तर “हो”. आजोबांनी काही विचारलं तर नुसती मान. ताईंनी मुद्दाम एकोणीसवर दोन-तीन शेरे मारले, अगदी ज्यावर त्याचं पानभर उत्तर हमखास आलं असतं असे. त्यानं ताटातून वर पाहिलं, ओठ हलल्यासारखे झाले, आणि तो पुन्हा जेवू लागला.

ताईंचं डोकं फिरलं. पाच वर्षं हा माणूस आपल्याशी तावातावानं भांडला, आणि आता समोर बसलाय तर बोलायलाही तयार नाही! आपण बस चालवणारी बाई म्हणून की काय? की आपण त्याला वाटलो होतो तशा निघालो नाही? अंथरुणावर पडल्यावर त्यांनी नवऱ्याला मेसेज केला, “तुमचंच खरं होतं. शिष्ट आहे मेला.”

सकाळी ताई सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उठल्या. खाली जाऊन गाडीतून डबा घेऊन आल्या आणि चहा टाकला. बाकी दोघं झोपलेले. खवचट बाहेर एक चक्कर मारून आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“च…” तो म्हणाला.

ताईंनी मान वर केली.

“च… च…” त्याची हनुवटी ताणली गेली, डोळे मिटले.

“चहा? देते की, त्यात काय!” ताईंनी कप भरून पुढे केला. ही सकाळ जरा बरी उगवली म्हणायची, त्यांना वाटलं. निदान चहा तरी मागितला.

खवचटनं कपाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं चहा पिऊन टाकला. कप खाली ठेवला आणि खिडकीकडे बोट करून पुन्हा सुरुवात केली, “च… च…”

“आणखी? घ्या ना, भरपूर केलाय.”

दुसराही कप त्यानं संपवला. कडू औषध घ्यावं तसा. मग खिशातून फोन काढला आणि भराभर काहीतरी टाइप केलं. टेबलावरचा ताईंचा फोन वाजला. ग्रुपवर मेसेज होता.

“चावी. तुमच्या गाडीची चावी गाडीच्या दारालाच लटकतेय. सगळी गल्ली बघतेय.”

ताई वाचतायत तोवर दुसरा आला.

“आणि मी चहा पीत नाही.”

ताई मटकन खुर्चीवर बसल्या. मग कालची संध्याकाळ सगळी एकदम डोळ्यांपुढून सरकली, ते हलणारे ओठ, ती मान, ते “हो”. त्यांचे कान तापले.

“अहो, मग दोन कप कशाला ढोसलेत?” त्या म्हणाल्या.

त्यानं टाइप केलं, “पहिला तुमच्या आग्रहाखातर. दुसरा तुमच्या घाईखातर.”

हा खवचटच. अगदी तोच, पाच वर्षांपासूनचा. ताईंना हसू फुटलं ते थांबेना. डोळ्यांना पदर लावायची वेळ आली. तोही हसत होता, खांदे गदगदा हलवत, आवाज न करता. आजोबा डोळे चोळत दारात आले. “काय झालं? कोण जिंकलं?”

चावी काढून आणल्यावर ताई त्याच्यासमोर बसल्या. “काल मी तुम्हाला शिष्ट म्हणाले. नवऱ्याला. लेखी.”

त्यानं फोन उपडा ठेवला. मग तोंडानंच म्हणाला, “खव… खव… खवचट म्हणा. शि… शिष्ट नको.”

ताईंच्या जिभेवर त्याचं वाक्य पुरं करायला शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. सोपं नव्हतं ते. गप्प बसणं हा त्यांचा प्रांतच नव्हता.

त्या दिवशी ट्रॅकवर पात्रता फेरी होती. ताईंनी टीव्हीवर हजारदा पाहिलेला ट्रॅक डोळ्यांसमोर पसरला होता, पण टीव्हीत नसलेली गोष्ट म्हणजे तो आवाज. तो कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू यायचा. गाड्या समोरून गेल्या की शेजारच्याला काही सांगायचं तर हातवारेच करावे लागत. प्रेक्षकांचं सगळं स्टँड मुक्यांच्या शाळेसारखं खुणा करत होतं. खवचट मात्र तिथे भलताच खुलला. हातांनी वळण काढून दाखवी, बोटांनी गिअर मोजी, आणि एकोणीस पुढे निघाला की ताईंच्या डोळ्यांसमोर अंगठा नाचवी.

आवाज ओसरला की तो फोन काढे. शेजारी बसलेल्या ताईंना मेसेज येई, “तुमचा सत्तावीस भाजी आणायला निघालाय का?” आणि ताई तोंडानं, तार सप्तकात, “भाजी आणायला? अहो टायर वाचवतोय तो, टायर!” मग त्याचं टाइप करणं, मग ताईंचं ओरडणं. मागच्या रांगेतल्या एका बाईनं भिंगच्या खांद्याला हात लावून हळूच विचारलं, “त्या बाईंना बरं नाहीये का? एकट्याच भांडतायत.”

मधल्या सुट्टीत त्यानं एक लांबलचक मेसेज पाठवला, पण ग्रुपवर नाही, फक्त ताईंना. लहानपणी वडील त्याला शर्यतीला न्यायचे. शाळेत उत्तर येत असूनही तो हात वर करायचा नाही. पण ट्रॅकवर कुणालाच बोलता यायचं नाही. वडीलही खुणा करायचे, शेजारचे काकाही. “इथे सगळे माझ्यासारखे असायचे,” त्यानं लिहिलं होतं. खाली चिमटा नव्हता. ताईंनी मेसेज दोनदा वाचला आणि पिशवीतलं संत्रं सोलून अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

रविवारी शर्यत. ऊन छान होतं, हवा स्वच्छ. सत्तावीसनं सुरुवात चांगली केली आणि हळूहळू, त्याच्या पद्धतीनं, एकेकाला मागे टाकत पहिला नंबर धरला. एकोणीस त्याच्या मागोमाग. ताई उभ्या, खवचट उभा. आजोबासुद्धा टक्क जागे. शेवटच्या फेऱ्या आल्या आणि त्यांच्या समोरच्याच वळणावर एकोणीस आतून घुसला.

जागा नव्हती. त्याचं पुढचं चाक सत्तावीसच्या गाडीला लागलं. एकोणीस डगमगला, सावरला आणि निघून गेला. सत्तावीस गाडीसकट खडीत गेला, दोनदा उलटला आणि पडून राहिला.

सगळं स्टँड गप्प झालं. बाकीच्या गाड्या पुढे गेल्या आणि मग खरोखरच शांतता पसरली. पिवळी निशाणं हलू लागली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं खडीतून धावत निघाली. ताईंचे दोन्ही हात तोंडावर होते. हा माणूस त्यांच्या ओळखीचाही नाही, त्याला त्यांचं नावही ठाऊक नाही, हे सगळं त्यांना कळत होतं. तरी त्यांची नजर खडीवरून हलेना.

खवचटनं फोन खिशात टाकला.

“उ…” तो म्हणाला. “उ… उ…”

आजोबांनी मदत करायला तोंड उघडलं. ताईंनी त्यांच्या दंडावर अशी कोपरखळी दिली की ते मिटलंच.

“उठेल,” खवचट म्हणाला. “हा… हात हलला त्याचा. मी ब… बघितला.”

भिंगनं दुर्बीण डोळ्यांना लावली. “हो. हलवतोय.”

थोड्या वेळानं सत्तावीस उठून बसला. मग दोघांच्या आधारानं उभा राहिला, आणि लंगडत जाताना त्यानं स्टँडकडे हात केला. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. ताई टाळ्या वाजवता वाजवता रडत होत्या आणि नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता, तेव्हा खवचटनं आपला पुढे केला. तोही इस्त्रीचा.

शर्यत एकोणीसनं जिंकली. स्टँड रिकामं होईपर्यंत चौघं बसून राहिले.

“चू… चूक ए… एकोणीसची,” खवचट म्हणाला. हे वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला आणि तिघांनीही तो दिला. “त… तिथे जागा नव्हती.”

ताईंनी खडीत उमटलेल्या लांब ओरखड्याकडे पाहिलं. ग्रुपवर हे वाक्य मिळालं असतं तर त्यांनी ते चौकट करून भिंतीवर लावलं असतं. पण त्या म्हणाल्या, “आमच्या सत्तावीसनंही आतल्या बाजूचं दार जरा उघडंच ठेवलं होतं. मी असते तर बस आडवी घातली असती.”

संध्याकाळी आजोबा आणि भिंग एका गाडीनं गेले. खवचटला स्टेशनवर सोडायला ताई गेल्या. फलाटावरच्या बाकावर दोघं बसले. तो सांगत होता, फोनशिवाय, लिफ्टच्या कामाबद्दल. वर मोटर, खाली अंधार, आणि मधे दोरावर तो एकटा. एकदा दोन मजल्यांच्या मधे एक म्हातारी अडकली होती. त्याला वरून तिला धीर द्यायचा होता आणि शब्द फुटत नव्हता. मग…

गाडी आली. दारं उघडली. खवचट ‘मग’वर अडकलेला. त्यानं डब्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. ताई ढिम्म बसून होत्या, हातांची घडी घालून, पुढे ऐकायला तयार.

दारं मिटली. गाडी गेली.

“मग गा… गाणं म्हटलं मी,” तो म्हणाला. “गा… गाताना अडत नाही.”

“आणि म्हातारी?”

“म… म्हणाली, सूर चुकतोय.”

फलाटावरचा हमाल वळून बघायला लागला, इतक्या ताई हसल्या. पुढची गाडी यायला अवकाश होता. त्यांनी विचारलं नाही आणि त्यानं काही सुचवलं नाही. दोघं तिथेच बसून बोलत राहिले.

घरी पोचल्यावर नवऱ्यानं विचारलं, “मग? कसा निघाला तो शिष्ट?”

“शिष्ट नाही हो, खवचट आहे,” ताई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात इकडे येतोय. आपल्या सोसायटीची लिफ्ट बघायला. म्हटलं, जेवायलाच या.”

सोमवारी सकाळी ताई बस घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, इंजिन बंद करून. फोन वाजला. पानभर मेसेज, मुद्देसूद, सत्तावीसनं ते दार नेमकं का आणि किती वेळ उघडं ठेवलं याविषयी, आणि शेवटी चिमटा. ताईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि दोन्ही अंगठ्यांनी उत्तर लिहायला घेतलं.