दाजींचा कान

"आता?" मी विचारलं.

दाजींनी डोळे मिटून मान तिरकी केली. दोन्ही कानांत इअरफोन, कपाळाला आठ्या. "आहे."

"अजून?"

"आहे ना. गाण्याच्या मागं बसून कुणीतरी सारखं श्शऽऽ करतंय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते बरं चालतं. किरकिऱ्यातलं किरकिरं गिऱ्हाईकसुद्धा माझ्याकडून हसत बाहेर पडतं. पण घरचं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. त्याला वाटेला लावता येत नाही आणि वर चहाही आपणच पाजायचा. दाजी हल्ली रोज संध्याकाळी पाळी सुटली की थेट दुकानात येत. बासरी ऐकायचा त्यांना भारी नाद. दिवसभर पंपांच्या घरघरीत उभं राहिल्यावर घटकाभर बासरी हवी, एवढीच त्यांची चैन. आणि नेमकी त्या बासरीच्या मागं ही खरखर.

मी काय काय केलं नाही! जॅकच्या भोकात खिशातली लव आणि धूळ गच्च बसली होती, ती काडीनं उकरून काढली. ब्लूटूथ बंद करून वायरचे इअरफोन दिले. आवाजाच्या सेटिंगमध्ये वरचे सूर उगाचच वाढवून ठेवले होते, ते खाली आणले. चार्जर लावून ऐकू नका म्हणून दम दिला. रेकॉर्डिंग जुनं असेल म्हणून नवं कोरं घातलं. प्रत्येक वेळी दाजी म्हणायचे, "थोडं कमी झाल्यासारखं वाटतंय." म्हणजे तसूभरही कमी झालेलं नाही, पण मेहुण्याचं मन कशाला मोडा.

"मेहुणेबुवा, तुम्हाला ऐकू येत नाही, त्यात तुमची चूक नाही," ते समजुतीनं म्हणायचे. "सगळ्यांचे कान सारखे नसतात."

हे त्यांनी बोलावं आणि मी निमूटपणे ऐकून घ्यावं, याला कारण होतं. एकदा आमच्याकडे जेवून हात धुता धुता त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "पंखा उतरवून घ्या." मी हसण्यावारी नेलं. त्याच आठवड्यात पंखा करकरून बंद पडला आणि बायकोनं माझी जी काढली, ती काढली.

गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात दाजींचं कामच ऐकण्याचं होतं. लोखंडी सळईचं एक टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि दुसरा कान बोटानं बंद करायचा. बेअरिंग खराब व्हायला लागलं की सुरुवातीला अगदी बारीक, किणकिणता आवाज येतो. तो दाजी टिपायचे. मग पंप वेळेवर बंद करून बेअरिंग बदललं जायचं. तो आवाज निसटला तर पंप एक दिवस चालता चालता अडकणार, गावाच्या अर्ध्या भागाचं पाणी जाणार आणि शेजारी कुणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही. इतकी वर्षं असं काही झालं नव्हतं. मला त्यांचा अभिमान होता, तोंडावर कधी सांगितलं नाही एवढंच.

त्या संध्याकाळी मी अखेरचा उपाय म्हणून माझा स्वतःचा फोन काढला. त्यांच्या फोनमधून वायर उपसली, तेवढ्यात एक बाई फुटक्या काचेचा फोन घेऊन आल्या. त्यांच्याशी बोलून मी वळलो.

"आता कसं आहे?"

"गाणं लावलंच नाहीत वाटतं. पण ते आहे. तसंच आहे."

मी काउंटरवर पाहिलं. वायरचं टोक माझ्या चहाच्या कपाशेजारी मोकळं पडलं होतं. मला हसू फुटलं. "अहो दाजी, वायर लावलेलीच नाही! कशात ऐकताय तुम्ही?"

आणि मी काय विचारलं, ते मग माझं मलाच कळलं.

दाजींनी ते टोक उचलून पाहिलं. कानांतून इअरफोन काढले. मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून ते उभे राहिले. बाहेर रहदारी होती, दुकानात माणसं होती, त्यांना कशाचंच भान नव्हतं.

"आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि नीट समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात राहून कान थकला होता. ती खरखर कानाचीच होती, आणि बाहेरचे बारीक आवाज आता आत पोचतच नव्हते.

जिना उतरताना मी म्हणालो, "दाजी, निवृत्तीला असे किती दिवस राहिलेत? कुणाला कळणार आहे? गप्प राहा."

ते पायरीवरच थांबले. "बारीक आवाज आला नाही की मी पंप चांगला म्हणतो. हल्ली सगळेच पंप चांगले निघतायत." मग म्हणाले, "मी खूश होतो हो त्याच्यावर."

मी पुढं होऊन रिक्षा बोलावली.

घरी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला कधीचं वाटत होतं. स्वयंपाकघरातून हाक मारली की हे हो म्हणतात, पण उठत नाहीत."

"ते सगळेच नवरे करतात," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. ताई दाजींच्या शेजारी जाऊन बसली. "उद्या जाऊन सांगून टाका आणि मोकळे व्हा," एवढंच ती म्हणाली.

सकाळी दाजींनी मला बरोबर घेतलं. एकटा गेलो तर दारातूनच परत फिरेन, असं ते म्हणाले. मी दुकान बंद ठेवलं. पंपघरात साहेबांसमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, अगदी कामाचं बोलावं तसं. साहेब भला माणूस. त्यांनी ताबडतोब तीन नंबरचा पंप खोलायला लावला. दाजींनी सगळ्यात अलीकडे त्यालाच चांगला ठरवलं होतं.

दुपारपर्यंत पंप खोलून झाला. बेअरिंग लख्ख होतं. साहेबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. "बघा! तुमचा कान अजून शाबूत आहे. उगाच मनाला लावून घेता." मलाही वाटलं, सुटलो बुवा. आता हसून विषय संपवायचा आणि घरी जायचं.

दाजी म्हणाले, "साहेब, ते चांगलं होतं म्हणून चांगलं निघालं. मी ऐकलं म्हणून नाही. बाकीचे पंप बाईंना ऐकू द्या."

बाई म्हणजे त्यांच्याच पाळीवरच्या ऑपरेटर. सळई धरायला त्या दाजींकडूनच शिकल्या होत्या. त्या एकेका पंपाशी जाऊन ऐकत होत्या आणि ठीक आहे म्हणून मान हलवत होत्या. शेवटच्या पंपाशी मात्र त्या वाकल्या त्या उठेचनात. सळई सरकवून पुन्हा टेकवली, पुन्हा ऐकलं. मग सरळ होऊन त्यांनी आधी साहेबांकडे, मग दाजींकडे आणि शेवटी जमिनीकडे पाहिलं.

"काका, एकदा तुम्हीच बघता का?"

"मला नाही यायचं ऐकू. तुम्ही सांगा."

"नक्की नाही सांगता येत... मी अजून तशी नवीन..."

"बाई," दाजी म्हणाले, "तुम्हाला आलंय ऐकू. तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगा, मोठ्यानं सांगा. सगळ्यांना कळलं पाहिजे."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जातंय, काका. बेअरिंग जातंय."

"कुठल्या बाजूचं?"

"मोटरच्या."

"शाबास," दाजी म्हणाले.

दाजी स्वतः पुढं झाले आणि त्यांनी बटण दाबलं. चालता पंप एकदम थांबत नाही, फिरत फिरत मंदावत जातो. तो पुरता थांबेपर्यंत दाजी त्याच्यावर हात ठेवून उभे होते.