एका ताटाचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. माझा स्वभाव जरा तिरसट आहे, तेव्हा गोड गोष्टीची आशा ठेवू नका.

माझं लाकूड सोलापूरचं नाही. झेकोस्लोव्हाकिया नावाच्या लांबच्या देशातून इथल्या एका कापड गिरणीत नवा माग आला. तो ज्या खोक्यात बांधून आला, त्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. १९७५ साली गुरुसिद्धप्पा जॉबरनं त्या फळ्या गिरणीकडून मागून घेतल्या आणि धुळाप्पा सुताराकडून मला करवून घेतलं. जॉबर म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर. गुरुसिद्धप्पा तर नुसता आवाज ऐकून मागाचं दुखणं सांगायचा.

माझी गरज एका पाहुण्यामुळे पडली. त्या देशातला एक कारागीर तीन आठवडे सोलापुरात राहून नवा माग शिकवणार होता. नंतर इथला एक कारागीर सहा महिने तिकडे जाऊन, त्या पाहुण्याच्याच घरी राहून, पुढचं शिकणार होता. पाहुण्याला जो घरी ठेवून घेईल त्याचंच नाव पाठवू, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं. जुने माग मोडीत निघायला लागले होते. गुरुसिद्धप्पानं चाळिशी ओलांडली होती. ही संधी हुकली तर उरलेला जन्म दुसऱ्याच्या हाताखाली काढावा लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"खुर्च्या किती करू?" धुळाप्पानं विचारलं.

"एकच कर. पाव्हणा एकच हाय की."

पाहुण्याचं नाव यान. उंच, अबोल आणि हातानं फार हुशार. गिरणीत दोघांचं छान जमलं. भाषा येत नव्हती, पण सुटलेला धागा दाखवायला भाषा कशाला लागते? घरी मात्र वेगळं होतं. आमच्या घरी पाहुणा जेवल्याशिवाय घरधनी जेवत नाही आणि घरधनी जेवल्याशिवाय घरची बाई जेवत नाही. यान खुर्चीवर बसायचा. गुरुसिद्धप्पा हात बांधून शेजारी उभा राहायचा, आणि त्याची बायको महादेवी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही वाढत "ऊटा माडरी" म्हणून कानडीत जेवायचा आग्रह करायची. चार डोळे घासावर लागलेले असताना कोणाला जेवण जाईल? यान भराभर गिळायचा आणि उठायचा. मग ही मंडळी आत चुलीपाशी बसायची, आणि त्यांचं बोलणं-हसणं बाहेर ऐकू यायचं. यान माझ्यावर कोपरं टेकून ते ऐकत बसायचा.

आठव्या दिवशी त्यानं कोपऱ्यातला पत्र्याचा डबा ओढून माझ्या समोरच्या बाजूला ठेवला. त्यावर हातानं थाप मारली, आधी गुरुसिद्धप्पाकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे. आणखी किती स्पष्ट सांगायचं? पण गुरुसिद्धप्पा ओशाळून हसला. "न्हाय न्हाय, तुमी सावकाश होऊ द्या," म्हणाला आणि त्यानं आणखी एक भाकरी वाढायला लावली. याननं डबा जागेवर ठेवून दिला. पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

तो गेला तेव्हा गुरुसिद्धप्पानं त्याला चांगल्यातली चांगली चादर दिली. मग सात रस्त्याच्या चौकात जाऊन पासपोर्टचा फोटो काढून आणला. रोज माझ्यापाशी बसून काट्या-चमच्यानं भात खायचा सराव करायचा. भात लेंग्यावर सांडायचा आणि महादेवी तोंडाला पदर लावायची. माझे तेवढेच दिवस सुखाचे गेले.

दोन महिन्यांनी मॅनेजरसाहेब स्वतः घरी आले. यानचं पत्र आलं होतं. गुरुसिद्धप्पासारखा कारागीर आपण पाहिला नाही, पण त्याला आपल्यासोबत जेवणं चालत नसावं, असं त्यानं लिहिलं होतं. आपल्या घरी सगळे एका टेबलावर जेवतात, तिथं सहा महिने त्याची कुचंबणा होईल, तरी दुसरं कोणी पाठवावं.

"साहेब, आमच्यात पाव्हण्याआदी जेवत न्हाईत. तुमाला ठावं हाय की."

"मला ठाऊक आहे हो."

"मग तेवढं लिवा."

"आता कुलकर्ण्यांचं नाव तिकडे गेलं," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला. कुलकर्णी म्हणजे त्यांच्या मेहुण्याचा मुलगा, नुकताच लागलेला इंजिनिअर. दोन ओळी लिहायला त्या माणसाचं काय जात होतं? ही चीड माझ्या लाकडातून अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मला परसात टाकलं. माझ्यावर रॉकेलचा डबा आला, मग कोंबड्या आल्या. खुर्चीचा एक पाय मोडला, तेव्हा ती चुलीत गेली. कुलकर्णी शिकून आला आणि गुरुसिद्धप्पा त्याच्या हाताखाली लागला. एका रविवारी कुलकर्णी पेढे घेऊन आला आणि परसातच उभा राहून म्हणाला, "यान तुमच्याबद्दल सारखा विचारत होता, माझं काय चुकलं म्हणून ते माझ्याबरोबर जेवले नाहीत?"

तो गेल्यावर गुरुसिद्धप्पा माझ्या कडेला टेकून उभा राहिला. महादेवी भांडी घासत होती. ती खाली मान घालूनच बोलली.

"त्यांनी डबा ओढला, तवाच मला कळलं हुतं. तुमाला बसा म्हनत हुते."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मी कोन सांगनार? तुमी जेवल्याबगर मी कदी बसलिया का?"

मला वाटलं, आता तरी गुरुसिद्धप्पाच्या डोक्यात उजेड पडेल. पण त्यानं जेवायला वाढायला सांगितलं आणि तो आत जाऊन बसला. ती वाढत राहिली. तो जेवून हात धुऊन बाहेर आला, तेव्हा कुठं तिनं आपल्यापुढं ताट घेतलं.

मित्रांनो, मला पुसा, वाळवीपासून जपा, असं मी म्हणणार नाही. माझं आता काही उरलेलं नाही. पण आज जेवायला बसाल तेव्हा तुमच्या घरात कोण उभं आहे, तेवढं बघा. त्या माणसाला बस म्हणा. नको म्हणेल, सवयीनं म्हणेल. तुम्ही पुन्हा म्हणा, आणि ती बसेपर्यंत घास उचलू नका.