सांध्यांची वेगळी तार

नवऱ्याला जाऊन दोन महिने होत नाहीत तोच धाकटे भाऊजी टेप घेऊन मागच्या खोलीचं दार मोजायला आले. दारातून टेबल निघेल का, हे त्यांना बघायचं होतं. त्या टेबलावर नवऱ्याची खेळण्यातली रेल्वे होती. दोन स्टेशनं, एक बोगदा आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारे तीन सांधे. नवरा जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारत बसला, पण गल्लीत सगळे त्याला गार्डसाहेब म्हणायचे, आणि तो फुलून जायचा.

"वहिनी, रविवारी आमच्या खेळण्यातल्या गाड्यांच्या क्लबची माणसं आणतो. इथे नुसती धूळ खात पडायची," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला काय कळणार यातलं?"

काय कळणार म्हणे! एकोणीस वर्षं ती पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारींची कॉइल भरत होती. दुकानातल्या वार्निशचा वास तिच्या कपड्यांतून जाता जात नव्हता. पण या टेबलापाशी आली की नवऱ्याचं एकच पालुपद, "हात लावू नकोस." ती चहाचा कप ठेवायची आणि मागे फिरायची.

"टेबल कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

"गाडी तरी धड चालते का? दादानेसुद्धा हात टेकले होते."

ते खरं होतं. गाडी हळू केली की सांधा अर्धवट सरकून अडकायचा आणि डबे आडवे व्हायचे. म्हणून नवरा ती सुसाट सोडायचा. खरी गाडी सांध्यावर वेग कमी करते, ह्याची तिथेच वाढवायची! फलाटावरचे लाकडी प्रवासी वर्षानुवर्षं ताटकळत उभे होते. त्यांच्यासाठी गाडी कधी थांबलीच नाही.

"रविवारी याच," ती म्हणाली. "तिन्ही सांधे बदलत गाडी हळू आणते आणि फलाटाला लावून दाखवते. नाही जमलं तर टेबल तुमचं."

बोलून गेली आणि मग तिला काय पणाला लावलं ते कळलं. टेबल गेलं तर त्या खोलीत नवऱ्याचं असं उरणार काय होतं?

शनिवारी सकाळी ती दुकानातला टेस्ट लॅम्प घेऊन टेबलाखाली शिरली. गाडीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला मागे तारा जोडायच्या स्क्रूच्या दोन जोड्या होत्या. पहिल्या जोडीला दिवा लावून तिने वेगाचा दांडा मागे घेतला, तसा दिवा मंदावला. दुसऱ्या जोडीला लावला. दांडा कुठेही ठेवा, दिवा ठणठणीत! ही जोडी मुळी सांध्यांसाठी, सिग्नलसाठीच होती. आणि नवऱ्याने सांध्यांच्या तारा रुळांना वीज देणाऱ्या पहिल्या जोडीलाच गुंडाळल्या होत्या. गाडीचा वेग उतरला की बटण दाबल्यावर सांधा सरकवणाऱ्या कॉइलचीही ताकद उतरायची. दुसऱ्या जोडीवर तर कोळ्याचं जाळं होतं.

तिला आधी हसू आलं, मग राग. मेलेल्या माणसावर रागावू नये, पण ती मनसोक्त रागावली. एकदा विचारलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं रे? डोळे पुसून तिने प्लग काढला, सांध्यांची तार सोडवली, टोकं खरवडली आणि दुसऱ्या जोडीत घट्ट आवळली.

रविवारी भाऊजी क्लबच्या दोघांना घेऊन आले. दोरखंडही आणले होते. तिने दांडा अगदी थोडा पुढे केला. गाडी बोगद्यातून रांगत बाहेर आली. तिने पहिल्या सांध्याचं बटण दाबून लगेच सोडलं. खट्. दुसरं. खट्. तिसऱ्या सांध्यापाशी तिने दांडा आणखी मागे घेतला आणि बटण दाबलं. खट्. गाडी सावकाश वळली आणि लाकडी प्रवाशांसमोर येऊन उभी राहिली.

"अशी थांबताना कधी पाहिली नव्हती," क्लबमधला म्हातारा म्हणाला.

भाऊजींचं तोंड उतरलं. "दादाने असं जोडलं नव्हतं."

"नव्हतं. त्याचं चुकलं होतं."

असं ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, आणि तिला मुळीच वाईट वाटलं नाही. भाऊजींनी मात्र पुढे होऊन बटणावर अंगठा रोवला. जुनी सवय. दादाही असाच दाबून धरायचा, सांधा सरकेपर्यंत. आता पुरी वीज होती. तसं दाबून धरलं तर सांध्याची कॉइल जळून कोळसा झाली असती.

तिने त्यांचं मनगट धरून बाजूला केलं.

"हात लावू नका, भाऊजी," ती म्हणाली. "खुर्ची तिकडे आहे. बसून बघा."